‘जरा हास की!’ : ठरवून हसता न येणाऱ्या ऑटिस्टिक माणसांसाठी

शाळेच्या एका जुन्या गटफोटोत मी दुसऱ्या रांगेत, डावीकडून चौथी आहे. ओठ आडवे ताणलेले, वरचे-खालचे दात एकमेकांवर घट्ट आवळलेले, हनुवटीवर सुरकुत्यांची गाठ, आणि डोळे असे की समोरून कुणी दगड उगारलाय. फोटो काढणारे तीनदा ‘हास’ म्हणाले. चौथ्यांदा वैतागून म्हणाले. आणखी काय करायचं ते मला कळेना, कारण माझ्या समजुतीप्रमाणे मी हसतच होते.

त्याच वर्षीचा दुसरा फोटो बहिणीने मला न सांगता काढलेला. मी जमिनीवर पालथी पडून फिरत्या भोवऱ्याकडे बघते आहे. डोळ्यांच्या नुसत्या चिरा झाल्यात, गाल वर चढलेत, वरच्या हिरड्यासुद्धा दिसताहेत. चेहरा तोच, स्नायू तेच.

या दोन फोटोंमधला फरक उमगायला तिशी ओलांडून ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान व्हावं लागलं. तोवर ‘हिच्या तोंडावरची माशी हलत नाही’, ‘सदा एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा’, ‘फोटोपुरतं हसायला काय जातं हिचं’ हे सगळं ऐकून झालं होतं. ज्यांना हे असंच ऐकावं लागतं त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या तोंडून ते निघतं त्यांच्यासाठीही, हा लेख आहे. मी डॉक्टर नाही. जे वाचलं, समजून घेतलं आणि स्वतःवर करून पाहिलं, ते क्रमाने सांगते.

आधी हे समजून घ्या: हसू दोन वाटांनी येतं

मराठीत हसू ‘येतं’, ‘फुटतं’, ‘आवरत नाही’. ते आपल्याला विचारून येत नाही. मुद्दाम आणलेल्या हसण्याला मात्र आपण ‘उसनं हसू’ म्हणतो. भाषेने ओळखलेला हा फरक मेंदूतही खरोखर आहे.

चेहऱ्यावरचे हावभाव घडवणारे स्नायू सातव्या मज्जातंतूच्या, म्हणजे फेशियल नर्व्हच्या ताब्यात असतात. पण तिथपर्यंत हुकूम पोचायच्या वाटा दोन. ठरवून केलेली हालचाल मेंदूच्या पृष्ठभागावरच्या मोटर कॉर्टेक्सकडून येते, तर आतून फुटलेलं हसू भावनांशी जोडलेल्या वेगळ्या भागांतून येतं. पक्षाघात झालेल्या काही रुग्णांमध्ये हे स्पष्ट दिसतं. ‘दात दाखवा’ म्हटलं की तोंडाची एकच बाजू हलते, आणि विनोद ऐकला की दोन्ही बाजू सारख्या हसतात. काही रुग्णांमध्ये याच्या नेमकं उलटंही होतं.

१८६२ साली गियोम डुशेन या फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञाने चेहऱ्याच्या एकेका स्नायूला विजेने चेतवून हावभावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हसण्यात त्याला दोन स्नायू महत्त्वाचे वाटले. ओठांचे कोपरे वर ओढणारा गालाचा झायगोमॅटिक मेजर, आणि डोळ्याभोवतीचा ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युली. पहिला आपल्या इच्छेला जुमानतो, दुसरा फक्त खऱ्या आनंदाने हलतो, असं त्याचं म्हणणं होतं. पुढच्या काळात असं दिसलं की बऱ्याच लोकांना डोळ्यांतलं हसूही मुद्दाम आणता येतं. आपली अडचण इथेच सुरू होते. ज्यांना ते जमतं त्यांना वाटतं की सगळ्यांनाच जमत असणार, आणि न हसणारा माणूस अडून बसलाय.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. हातापायांच्या स्नायूंमध्ये ताण मोजणारे बारीक संवेदक असतात, म्हणून डोळे मिटूनही कोपर किती वाकलंय ते कळतं. हावभावांच्या स्नायूंमध्ये हे संवेदक जवळपास नसतातच. तिथे त्वचेच्या ताणावरून अंदाज बांधावा लागतो. म्हणजे आपला चेहरा आत्ता कसा दिसतोय, हे कुणालाच आतून नेमकं कळत नाही. बहुतेक माणसांचा अंदाज मात्र रोजच्या देवाणघेवाणीत पक्का होत जातो. समोरचा हसला की त्यांचा चेहरा नकळत तेच करतो, आणि ते हसू पोचलं की नाही हे समोरच्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं. ऑटिझम आणि हावभाव यांवरचे ३९ अभ्यास एकत्र करून २०१८ साली एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. ऑटिस्टिक माणसांच्या चेहऱ्यावर हावभाव कमी वेळा आणि कमी वेळ उमटतात, दुसऱ्याच्या चेहऱ्याची नकळत नक्कलही कमी होते, असं त्यात दिसलं. त्यांच्या हावभावांची तीव्रता मात्र कमी नव्हती. माझ्या मते आपल्याला तो फुकटचा सराव मिळतच नाही, आणि मग एके दिवशी कॅमेऱ्यासमोर उभं करून थेट परीक्षा घेतली जाते.

पायरी १: आपलं नेमकं कुठे अडतं ते शोधा

‘मला हसता येत नाही’ या एका वाक्यात निदान चार वेगवेगळ्या अडचणी लपलेल्या असतात, आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा. ही पायरी गाळू नका. मी गाळली होती, आणि त्यापायी दोन वर्षं आरशासमोर चुकीच्या गोष्टीचा सराव केला.

खोलीचं दार लावून घ्या. फोन समोर टेकवून व्हिडिओ सुरू करा. डोळे मिटा आणि तुमच्या मते हलकंसं, सभ्य स्मित करा. मनात पाच आकडे मोजा आणि चेहरा सैल सोडा. आता व्हिडिओ बघा. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पाचही आकडे माझा चेहरा कोराच होता. फक्त ओठांचा उजवा कोपरा किंचित दबला होता. आतून मात्र मी शपथेवर सांगितलं असतं की मी छान हसले. तुमचंही असं झालं, किंवा उलट, ‘हलकंसं’ म्हणून केलेलं हसू दात विचकल्यासारखं दिसलं, तर तुमची अडचण अंदाजाची आहे. स्नायू हलतात, ते किती हलले ते कळत नाही.

मग ‘ई’ म्हणा. नंतर गाल फुगवा, ओठांचा चंबू करा, एक भुवई उचलून बघा. बोलताना-जेवताना ओठ सहज हलतात, पण ‘हास’ असा हुकूम मनाने दिला की सगळं जागच्या जागी आखडतं? मग अडचण हालचालीच्या आखणीत आहे. पुष्कळ ऑटिस्टिक माणसांना बटणं लावणं, चेंडू झेलणं, लिहिणं यांतही ठरवून केलेल्या हालचाली जड जातात. चेहरा त्याला अपवाद का असेल?

तिसरी शक्यता बाहेरची. घरी एकटं असताना जमतं आणि समारंभात जमत नाही, तर गर्दी, आवाज, डोळ्यांवर येणारा उजेड, टोचणारे कपडे आणि खांद्यावर कुणाचा तरी हात, यांच्याशी झुंजण्यातच सगळी शक्ती जाते आहे. अशा वेळी चेहऱ्याचा सराव करून काही उपयोग नाही. तिथे जागा बदलायला हवी.

चौथी शक्यता जरा खोलवरची. आनंद होतो, पण झाला हे लगेच कळत नाही. स्वतःच्या भावना ओळखायला, त्यांना नाव द्यायला जड जाण्याला अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात. ऑटिस्टिक माणसांपैकी जवळपास निम्म्या जणांत तो आढळतो, इतरांत साधारण वीसात एकाला. माझं हसू पुष्कळदा तासाभराने येतं. भेटवस्तू देणारा घरी पोचलेला असतो आणि मी इकडे एकटी भिंतीकडे बघून हसत असते. तुमचंही असं होत असेल तर ‘त्या क्षणी हसलंच पाहिजे’ हा हट्ट सोडा आणि थेट पायरी ५ वाचा.

बहुतेकांना यातल्या दोन-तीन अडचणी एकदम असतात. सगळ्यात मोठी कोणती ते लिहून ठेवा.

इथेच एक इशारा. आजवर सरळ असलेलं हसू अचानक वाकडं झालं, तोंडाची एक बाजू लोंबली, तर त्याचा ऑटिझमशी संबंध लावू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा, तो पक्षाघात असू शकतो. चेहरा काही महिन्यांत हळूहळू थिजत गेला असेल, तरी दाखवून घ्या. नैराश्यात असं होतं. काही औषधांनीही होतं. चिडचिडेपणासाठी ऑटिस्टिक मुलांना दिलं जाणारं रिस्पेरिडोन अशांपैकी एक. त्याने काहींच्या हालचाली आणि चेहरा ताठरतो. औषध मनाने बंद करू नका. ‘औषध सुरू झाल्यापासून चेहरा हलत नाही’ एवढं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

पायरी २: हसू कुठे हवं ते तुम्ही ठरवा

कागद घ्या. गेल्या महिनाभरात कुठे कुठे तुमच्याकडून हसण्याची अपेक्षा झाली ते आठवून लिहा: शेजारी जिन्यात भेटले, मुलाखत, कुणी भेट दिली, गटफोटो, ऑफिसची ऑनलाइन बैठक. मग प्रत्येकापुढे एकच प्रश्न. इथे न हसल्याने माझं खरोखर काय बिघडलं?

माझ्या यादीत अठरा प्रसंग होते आणि खरी खूण तीनांपुढेच पडली. जिन्यातल्या शेजाऱ्यांना मान हलवली तरी पुरतं. बैठकीत कॅमेरा बंद ठेवायची मुभा होती, मी ती कधी मागितलीच नव्हती. पासपोर्टच्या फोटोला तर आंतरराष्ट्रीय नियमच असा आहे की चेहरा निर्विकार आणि तोंड मिटलेलं हवं. त्या दिवशी फोटोवाल्यांनी माझं कौतुक केलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा.

उरलेल्या दोन-तीन प्रसंगांसाठीच पुढची मेहनत करा.

पायरी ३: फोटोसाठी खरं हसू बोलवा

फोटोत उसनं हसू लगेच उघडं पडतं, कारण ते गोठवलेलं असतं. प्रत्यक्ष भेटीत चेहरा पुढे सरकतो, आवाज असतो, शब्द असतात. फोटोत नेमका तो कसनुसा क्षण कायमचा चिकटतो. म्हणून फोटोसाठी स्नायूंच्या मागे न लागता दुसऱ्या वाटेने जायचं, खरं हसू फुटेल अशी सोय करायची.

‘काहीतरी छान आठव’ या सल्ल्याचा मला कधीच उपयोग झाला नाही. ‘छान’ म्हणजे नक्की काय? त्याऐवजी आठवडाभर स्वतःवर पाळत ठेवा. एकटं असताना कशाने हसू आलं ते त्याच क्षणी फोनमध्ये टिपा. एखादा शब्द असेल, आवाज असेल, पाण्यात बुडबुडा फुटण्याची तऱ्हा असेल, शंभरदा पाहिलेला मांजराचा व्हिडिओ असेल. लोकांना मजेशीर वाटेल असं काही असायची गरज नाही. माझ्या यादीत भोवरा कलंडण्याआधी जो गोल डुलतो ते आहे, आणि ‘लुडबुड’ हा शब्द आहे. नुसता शब्द. निदान तीन गोष्टी जमवा, कारण एकच गोष्ट सारखी वापरली की बोथट होते. माझा भोवरा एका बैठकीत चार फोटो पुरतो, पाचव्याला काही होत नाही.

फोटोच्या दिवशी आधी जागा बघा. उजेड तोंडावर येत असेल तर कडेला सरका, फ्लॅश बंद ठेवायला सांगा. गर्दीत मधोमध उभं राहू नका. टोकाला उभं राहिलं की निदान एका बाजूने कुणाचा स्पर्श होत नाही. हातात काहीतरी धरा, रुमाल, किल्ली, काहीही. हात मोकळे असले की अर्धं लक्ष तिकडेच जातं.

मग क्रम असा. नजर खाली. जबडा सैल, दात एकमेकांपासून सुटे. एक लांब श्वास सोडा आणि सोडतानाच तुमची गोष्ट मनात सुरू करा. ती हलती असली तर उत्तम, कारण चित्रापेक्षा हालचाल लवकर काम करते. हसू फुटतंय असं वाटलं की नजर वर. कॅमेऱ्याच्या भिंगात बघणं जड जात असेल तर फोटो काढणाऱ्याच्या कानाकडे बघा, फोटोत फरक कळत नाही. आतून आलेलं हसू हळूहळू चढतं आणि हळूहळू उतरतं. मुद्दाम आणलेलं झटकन येतं आणि झटकन जातं. त्यामुळे ‘एक, दोन, तीन’ म्हणून बटण दाबणं आपल्यासाठी सगळ्यात वाईट. ‘तीन’ला हसू यायचं असतं आणि ‘एक’लाच चेहरा थिजतो. फोटो काढणाऱ्याला आधीच सांगा, मोजू नका, सलग वीस-तीस फोटो घ्या, मी त्यातला निवडते. आताच्या फोनमध्ये बटण दाबून धरलं किंवा सरकवलं की हे होतं.

हसू दोन-तीन सेकंदांहून जास्त धरून ठेवू नका. कुणी ‘थांब, आणखी एक’ म्हटलं तर चेहरा पूर्ण सोडा, खाली बघा, पुन्हा पहिल्यापासून. धरून ठेवलेलं खरं हसूही चौथ्या सेकंदाला उसनं दिसायला लागतं.

जवळचं माणूस फोटो काढत असेल तर याहूनही सोपा मार्ग आहे. त्यांनी तुमच्या आवडीच्या विषयावरचा एखादा प्रश्न विचारावा आणि तुम्ही उत्तर देत असताना फोटो काढावेत. मला आवडणारे माझे सगळे फोटो मी काहीतरी समजावून सांगत असतानाचे आहेत.

आणि न हसलेला फोटोही फोटोच असतो. शांत, सरळ, तुमचा. ओढूनताणून काढलेल्या हसऱ्या फोटोपेक्षा तो मला कितीतरी बरा वाटतो.

पायरी ४: एक छोटं उसनं हसू जवळ ठेवा

ज्यांना हवं त्यांनीच हे करावं. मुलांना बसवून करून घ्यायची ही गोष्ट नव्हे, ते मी पुढे सांगणारच आहे. पण मुलाखतीला आत शिरताना, अनोळखी माणसाशी पहिली नजरानजर होताना, दोन सेकंदांचं छोटं स्मित हाताशी असलं तर मला तरी सोयीचं पडतं. मी त्याकडे गाडी वळवताना दाखवायच्या दिव्यासारखं बघते. सूचना द्यायची आणि बंद करायचं.

आरशासमोर बसा. दोन्ही हातांची मधली बोटं गालाच्या हाडांखाली अलगद टेकवा. चेहऱ्याच्या स्नायूंची खबर आतून नीट मिळत नाही, ती बोटांना मिळते. ओठ मिटलेले, आतले दात सुटे. इथे नव्वद टक्के लोक चुकतात असं म्हणायचा मोह होतो, पण मी निदान स्वतःबद्दल सांगू शकते: दात आवळले की हनुवटीला ती गाठ पडणारच. आता ओठांचे कोपरे कानांच्या वरच्या टोकांकडे ढकला. आडवे नव्हे, तिरके वर. बोटांखालचा गाल किंचित फुगून वर सरकला तर दिशा बरोबर आहे. बोटांना काहीच कळलं नाही, नुसते ओठ पातळ झाले, तर ते आडवे ताणले गेलेत. फोटोसाठी ‘ई’ किंवा ‘चीज’ म्हणायला लावतात तेव्हा नेमकं हेच होतं.

जमेल त्याच्या एक तृतीयांश एवढंच करा. लहान उसनं हसू खपून जातं, मोठं डोळ्यांत भरतं. डोळ्यांचं काही करायचंच असेल तर समोरून उजेड आल्यावर खालची पापणी जेवढी वर येते तेवढी आणा, त्याहून जास्त नको. एक श्वास धरा आणि श्वास सोडता सोडता हळूहळू उतरवा. हे उतरवणं चढवण्याइतकंच शिकण्यासारखं आहे. एकदम मिटलेलं हसू दार आपटल्यासारखं वाटतं.

दिवसाला दोन मिनिटं पुरेत. गाल थरथरायला लागला की त्या दिवसापुरतं बंद. चार-पाच दिवसांनी आरसा काढून टाका आणि फक्त बोटांच्या खुणेवर करा, मग बोटंही काढा. आरशावर विसंबलेलं हसू आरशातच राहतं. शेवटी त्याला एक हालचाल जोडा, मान किंचित खाली. दोन्ही एकदम करायची सवय लागली की मानेबरोबर गाल आपोआप उचलले जातात. माझं असं व्हायला साधारण सहा आठवडे लागले.

जमलं नाही तर सोडून द्या. खरंच सोडून द्या.

पायरी ५: चेहऱ्याचं काम शब्दांना द्या

मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात लोकांना अनोळखी माणसांच्या काही सेकंदांच्या चित्रफिती दाखवल्या. कोण ऑटिस्टिक आहे हे न सांगताही बघणाऱ्यांचं ऑटिस्टिक माणसांबद्दलचं पहिलं मत वाईट झालं. पण तीच माणसं जे बोलली होती ते फक्त लिहून वाचायला दिल्यावर हा फरक नाहीसा झाला. आपल्या म्हणण्यात काही खोट नव्हती, अडत होतं ते दिसण्या-ऐकण्याच्या ढंगाशी. मग जिथे आपली बाजू भक्कम आहे तिथे जास्त जोर लावायचा.

भेट मिळाली की उघडायच्या आधीच सांगा, “मला आवडलं तरी माझ्या चेहऱ्यावर लगेच दिसत नाही हं, मी तुम्हाला तोंडाने सांगेन.” आणि मग खरोखर तपशिलात सांगा. ‘छान आहे’ पुरत नाही. चेहऱ्याची साथ नसली की ते दोन शब्द थंड वाटतात. “याचा रंग माझ्या वहीशी जुळतो, मी हे रोज टेबलावर ठेवणार” हे पोचतं. उशिरा आनंद कळणाऱ्यांनी रात्री एक निरोप पाठवावा. “आत्ता घरी आल्यावर पुन्हा काढून बघितलं आणि हसू आलं.” माझ्या मैत्रिणी आता या निरोपाची वाट बघतात.

मुलाखतीत मी पहिल्याच मिनिटात सांगते, “मी लक्ष देऊन ऐकते तेव्हा माझा चेहरा गंभीर दिसतो, पण मला या कामात मनापासून रस आहे.” ऑटिझमचं नाव घ्यायचं की नाही हा पूर्णपणे तुमचा निर्णय. नाव न घेताही हे वाक्य काम करतं.

जवळच्यांना एकदा निवांत सांगून ठेवा की तुमचा आनंद कुठे दिसतो. कुणाचा हातांच्या फडफडीत, कुणाचा गुणगुणण्यात, कुणाचा एकच वाक्य सात वेळा म्हणण्यात. आमच्या घरी आता माझ्या चेहऱ्याकडे कुणी बघत नाही, पायांकडे बघतात. खूश असले की मी टाचा उचलते.

याचं उलटही घडतं, तेही बोलून टाकावं. ओरडा बसताना, कुणी वाईट बातमी सांगताना नको तेव्हा हसू फुटणं. मेंदूवर ताण आला की असं होतं, आणि त्यात मजा वाटण्याचा काडीचाही भाग नसतो. “मला हसू येतंय ते घाबरल्यामुळे, मला वाईट वाटलंय” एवढं वाक्य तोंडपाठ ठेवा. लहानपणी हे वाक्य हाताशी नसल्यामुळे मी पुष्कळ मार आणि अबोला सोसलाय.

पायरी ६: हिशेब ठेवा

उसनं घेतलेलं फेडावं लागतं. आपलं ऑटिस्टिकपण झाकून इतरांसारखं दिसण्याच्या धडपडीला मास्किंग म्हणतात. त्याने येणारा थकवा, चिंता, नैराश्य यांवर गेल्या काही वर्षांत बरंच संशोधन झालंय, आणि २०१८ सालच्या एका अभ्यासात त्याचा संबंध आत्महत्येच्या विचारांशीही दिसला. म्हणून मी हे हलक्याने घेत नाही. दिवसात किती प्रसंगांना उसनं हसू वापरलं ते काही दिवस मोजा. कानशिलं ठणकणं, रात्री जबडा दुखणं, घरी आल्यावर बोलायलाच नको वाटणं या खुणा दिसल्या की दुसऱ्या दिवशीचे प्रसंग कमी करा. मोठ्या समारंभानंतरचा तासभर रिकामा ठेवा. त्या तासात चेहऱ्याला कसलंही काम नाही. घरच्यांनी ‘काय झालं? रागावलीस का?’ विचारू नये, हे आधीच ठरवून घ्या.

आईवडील, शिक्षक आणि फोटो काढणाऱ्यांना

‘हास’ म्हणू नका. गुदगुल्या करू नका. ओठांचे कोपरे बोटांनी वर करू नका. हसल्याबद्दल बक्षीस देऊ नका, कारण त्यातून मूल एवढंच शिकतं की माझा खरा चेहरा लोकांना नको आहे. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकाने २०१२ साली मांडलं की समजण्यातली ही अडचण दुहेरी आहे. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळायला जड जातं तसंच इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं कळत नाही. मग शिकण्याचं सगळं ओझं एका सात वर्षांच्या पोरावरच का?

मूल न हसता तुमच्या शेजारी येऊन बसलं, आपलं खेळणं तुमच्या मांडीवर ठेवून गेलं, तर ते हसूच समजा. फोटो हवा असेल तर ते रमलेलं असताना, लांबून, आवाज न करता काढा. आधी विचारा. ‘नको’ म्हणालं तर नको.

गटफोटोला जाताना मी एक चिठ्ठी बरोबर ठेवते आणि फोटो काढणाऱ्याच्या हातात देते. तुम्हाला हवी तशी बदलून घ्या:

“नमस्कार. मी ऑटिस्टिक आहे. मला सांगितल्यावर हसता येत नाही, पण माझा मूड चांगला आहे. कृपया मला ‘हसा’ म्हणू नका आणि आकडे मोजू नका. फ्लॅश बंद ठेवा. सलग बरेच फोटो काढा. मी खाली बघत असेन तर थोडं थांबा, मी वर बघेन तेव्हा काढा. एखाद्या फोटोत मी हसले नसेन तर तोही मला चालेल.”